कैराला पाणी किती

चाळीस वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच. माणूस रोप पिशवीसकट हातात घेतो, उलटसुलट बघतो, बोट खुपसून माती चाचपतो आणि विचारतो, "बाई, याले पाणी किती द्याचं?" मास्तर असो, डॉक्टर असो, नव्या घराची वास्तुशांत आटोपून आलेलं जोडपं असो, सगळे हेच विचारतात. ऊन किती लागेल हे फार थोड्यांना सुचतं. आणि कमीत कमी किती दिलं तर चालेल, हे आजवर मला एकानंही विचारलेलं नाही.

मी वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावाला, बाहेर रस्त्याच्या कडेला नर्सरी चालवत होते. आता ती सून चालवते आणि मी कडुलिंबाखाली खुर्ची टाकून तिच्या चुका काढते. त्याआधी पंधरा वर्षं हिंगणीजवळच्या सरकारी रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. काम पिशव्या भरण्याचं. माती चाळायची, तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळायचं, पिशवी भरताना दोनदा जमिनीवर आपटायची, म्हणजे आत पोकळी राहत नाही. पोकळी राहिली की रोपाचं मूळ तिथवर येतं आणि घुटमळतं. बघणाऱ्याला वाटतं, माती भरणं यात काय एवढं? त्यानं एकदा भरून बघावी. माझी पिशवी आजही कोणीही ओळखून काढेल, इतकी ती ताठ उभी राहते.

तिथंच मला दुपारच्या डुलकीची सवय लागली. ही सवय पुढे मला भोवली, म्हणून आधीच सांगते. जेवण झालं की आम्ही बाया जांभळाच्या सावलीत पदर तोंडावर घेऊन पडायचो. जवळच्या धरणाकडून एखादी झुळूक यायची, समोरची टेकडी उन्हात थरथरायची आणि झोप व जाग यांच्या मधल्या त्या जागेत मला कायम झाडांचीच स्वप्नं पडायची. झाडं बोलायची नाहीत, पण पाय बदलल्यासारखी जरा सरकून बसायची. एकदा मी डोळे किलकिले करून पाहिलं तर समोरच्या नागड्या खडकावर पिवळी फुलं होती, ओंजळीएवढी, आणि झाडाला पान एकही नाही. मला वाटलं, हेही स्वप्नच. उठून, डोळे चोळून, अर्धी टेकडी चढून गेले तेव्हा कळलं की तो गणेर आहे, खरा आहे आणि त्याच्या बुडाशी मूठभरसुद्धा माती नाही. खडकाच्या भेगेत पाय रोवून तो आपला फुलला होता. त्या दिवसापासून उन्हाळ्यात फुलणाऱ्या झाडांनी माझ्यावर जी मोहिनी घातली ती अजून उतरलेली नाही.

स्वतःची नर्सरी झाल्यावर मी एका कोपऱ्यात हिरवी जाळी न लावता मोकळा वाफा ठेवला. मुरूम, दगड आणि वर आग ओकणारं आकाश. त्यात गणेर, तरवड, रुई, काटेसावर अशी आपल्याच बरडावरची मंडळी लावली. गणेराचं बी दगडावर घासून त्याचं टणक कवच थोडं झिजवावं लागतं, नाहीतर ते वर्षभर मातीत पडून राहतं आणि आपल्याला वाटतं मेलं. चैत्र-वैशाखात गुलाब रुसलेले असायचे, मोगरा तेवढा पाण्याच्या जोरावर फुलायचा आणि माझा तो कोपरा मात्र पिवळाजांभळा होऊन हसत असायचा. झाडाच्या बाजूनं विचार केला तर त्यात शहाणपण आहे. पानं ठेवली तर पाणी उडतं, म्हणून पानं टाकून द्यायची. मुळात वाचवलेला ओलावा फुलाला द्यायचा. आणि फुलायचं अशा वेळी की दुसरं कोणी फुललेलं नसतं, म्हणजे गावातल्या सगळ्या मधमाश्या आपल्याकडे.

गिऱ्हाईक मात्र त्या कोपऱ्याकडे फिरकायचं नाही. रस्त्याच्या कडेला उगवणारा तरवड विकत कोण नेणार? रुईकडे लोक शनिवारीच येत, तेही मारुतीच्या माळेसाठी पानं तोडायला. उलट परदेशातून आलेलं अडेनियम, फुगीर बुडाचं आणि गुलाबी फुलांचं, त्यावर उड्या पडत. तेही मूळचं वाळवंटातलंच, पण लांबच्या. समुद्रपूरचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडून पाच वर्षांत चार अडेनियम घेऊन गेले आणि चारही त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घालून मारली. चौथं मेलं तेव्हा ते पंचाचा बोळा डोळ्याला लावत आले. मी त्यांना समोर बसवून चांगलं तासभर झापलं. म्हटलं, गुरुजी, हे झाड उपाशी ठेवलं तर जगतं, लाडानं मरतं. तुमचा जीव आहे त्याच्यावर हे त्याला कळू देऊ नका. हे माझं व्याख्यान पुढे तालुक्यात गाजलं. लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन ते ऐकायला येत आणि मीही ते रंगवून सांगत असे. आज ते आठवलं की माझी मान खाली जाते.

कारण माजी.

माजी म्हणजे सिंदीतल्या एका जुन्या मारवाडी घरातल्या थोरल्या बाई. त्यांचे मुलगे, नातू हार्डवेअरचं दुकान चालवतात. त्या पंच्याऐंशीला टेकलेल्या. दोन वर्षांपूर्वी, चैत्र लागला होता, तेव्हा थोरला मुलगा मदनशेठ त्यांना गाडीतून घेऊन आला. त्याला तुळस हवी होती. माजी काठी टेकत सरळ माझ्या त्या मोकळ्या कोपऱ्यात गेल्या आणि रुईजवळ थांबल्या. मी जवळ गेले, नमस्कार केला, तर त्या माझ्याकडे न पाहता तोंड फिरवून कुंपणाकडे पाहत बोलायला लागल्या. मला राग आला. मनात म्हटलं, श्रीमंताघरची बाई, मातीच्या हाताच्या माणसाकडे कशाला बघेल.

"तुझ्याकडं कैर हाय का?" त्यांनी कुंपणाला विचारलं.

मी ते नाव ऐकलं नव्हतं. त्यांनी हातानं हवेत झुडूप काढून दाखवलं. माणसाच्या उंचीचं, पान नाही, नुसत्या हिरव्या काटेरी काड्यांचा गुंता. ऊन सगळ्यात कडक तापलं की त्या काड्यांवर विटेच्या रंगाची लाल फुलं येतात. मग हिरवी बोरासारखी फळं धरतात, ती ताकात मुरवून कडूपणा काढतात आणि लोणचं घालतात. हे सगळं त्या कुंपणाला सांगत होत्या. मदनशेठनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं तेव्हा मला लाजल्यासारखं झालं. माजींच्या डोळ्याच्या पडद्याला आजार होता. त्यात समोरचं आधी जातं, कडेचं मागे राहतं. ज्याच्याकडे सरळ बघावं ते पुसलं जातं. म्हणून मला पाहण्यासाठीच त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेचंही हळूहळू जाईल, फार तर दोनतीन वर्षं.

मग माजींनी स्वतःच सगळं सांगितलं. आखातीजेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांचं लग्न झालं. सोळा वर्षांच्या होत्या. माहेरी, मारवाडात, पाण्यासाठी पहाटे उठून कोसभर जावं लागे. आईनं निरोप देताना एवढंच सांगितलं होतं की बाई, तू जातेस तिथं विहीर घरातच आहे. घरामागं कैराचं झुडूप त्या दिवशी नखशिखांत फुललेलं होतं. गाडी त्याच्या शेजारूनच गेली.

"म्या वळून पाह्यलं नाई," माजी म्हणाल्या. "मले पाण्याची घाई होती ना. पहिले दोन महिने तर म्या इथं विहिरीच्या काठावरच बसून राहे. सासू हसे." मग त्या म्हणाल्या, "आता एक डाव पाह्याचं हाय. लाल तेवढं अजून दिसते मले, कडक उनात. पडदा पडाच्या आधी."

माझ्यातली नर्सरीवाली अशा वेळी गप्प बसत नाही. मी म्हटलं, माजी, तुम्हाला मी कैर देते. बी मिळवा फक्त.

मदनशेठनं मारवाडातल्या नातेवाइकांकडून जेठात पिकलेली फळं मागवली. पहिलं पार्सल आलं ते आंबून, वास मारत. दुसऱ्या खेपेला फळं नीट आली. मी गर काढून, बी राखेत घोळून, सावलीत सुकवून पेरलं. नऊ उगवली. सुताएवढी हिरवी काडी आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढी दोन पानं. मी हरखून गेले. आता इथं माझी पहिली चूक सांगते, आणि ती वर्धा जिल्ह्यातल्या माणसाशिवाय कोणी करणार नाही. पिशवीत वाळू भरली, मुरूम भरला आणि मग माझ्या हातानं मला न विचारता वर मूठभर काळी माती घातली. आमचा जन्म काळ्या मातीतला. काळी माती घातल्याशिवाय रोपाला आपण काही दिलं असं आम्हाला वाटतच नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, ओलीची ओलीच राहते, आणि ज्या मुळाला कोरडं राहायची सवय आहे त्याला ती गिळते. आषाढ-श्रावणात आठ रोपं बुडाशी सडून गेली.

नववं मी निव्वळ मुरमात बदललं. त्यानं पावसाळा काढला, हिवाळा काढला. वीतभर झालं. माजी फोन करायच्या आणि मी खुशाल सांगायचे. मग पुढचा वैशाख आला. एका दुपारी मी लिंबाखाली बाजेवर पडले होते. सगळीकडे तो उन्हाळ्यातला सुन्न आवाज होता, ज्याच्यात आवाज नसतोच. मला स्वप्न पडलं की ते रोप माझ्या उशाशी येऊन उभं आहे, त्याला इवलंसं तोंड आहे आणि ते माजींच्या आवाजात म्हणतंय, मले तहान लागली. मी उठले. पूर्ण जागी नव्हते, पण झारी भरल्याचं मला आठवतं. गार पाणी, तापलेली माती, वर आलेली वाफ, तो वासही आठवतो. रोपाला मी पोटभर पाजलं आणि पुन्हा येऊन निजले. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! तशा समाधानानं मी नंतर कधी झोपले नाही. आठ दिवसांत रोप बुडाशी काळं पडलं आणि एका सकाळी नुसतं हात लावला तर आडवं झालं.

समुद्रपूरच्या मास्तरांना मी तासभर झापलं होतं. मला झापायला कोणी नव्हतं.

आणि मी माजींना सांगितलं नाही. त्यांचा फोन आला, "कसं हाय?" मी म्हटलं, "मस्त हाय माजी." एवढं एकदा तोंडून गेल्यावर पुढे सोपं होत गेलं. दर महिन्याला त्या विचारत आणि माझं मेलेलं रोप दर महिन्याला बोटभर वाढे. वीतभराचं हातभर झालं. पावसाळ्यात मी त्याला फांदी फोडली. दिवाळीच्या सुमारास माजी म्हणाल्या की गाडी पाठवते, आणून दाखव, तेव्हा मी म्हटलं की या दिवसांत हलवणं बरं नाही. त्या "बरं" म्हणाल्या. असं वर्ष गेलं. त्या वर्षात मी दुपारी नीट झोपू शकले नाही, आणि ज्या बाईची चाळीस वर्षांची डुलकी मोडते तिलाच ते काय असतं हे कळेल.

पुढचा वैशाख, म्हणजे या वर्षीचा. रेल्वेत गँगमन असलेला देवराव त्याच्या क्वार्टरसाठी कढीपत्त्याचं रोप न्यायला आला. तो बसला, पाणी प्यायला, माझा उतरलेला चेहरा पाहून काय झालं म्हणाला. त्याला मी सगळं सांगितलं, का कोण जाणे. बहुतेक तो उठून जाणारा माणूस होता म्हणून. झुडपाचं वर्णन ऐकताना तो मधेच थांबवून म्हणाला, "बिनपानाची काटी? त्याच्यावर तं आम्ही काम करताना कमिजा टांगतो."

गावाबाहेर बंद पडलेलं एक रेल्वे फाटक आहे. तिथून दोनशे पावलांवर रुळांच्या भरावाच्या उतारावर ते झुडूप होतं. मी त्याच दिवशी देवरावच्या सायकलवर मागे बसून गेले. गिट्टी, मुरूम, डिझेलचा आणि तापल्या लोखंडाचा वास, आणि त्या सगळ्यात ते उभं होतं. पान नाही. नुसता हिरव्या काड्यांचा गुंता आणि त्याच्यावर विटेच्या रंगाची फुलं, इतकी की काड्या दिसेनात. वारा आला की सगळं झुडूप हलायचं आणि फुलं जागच्या जागी तरंगल्यासारखी दिसायची. ते तिथं कसं आलं हे मला सांगता यायचं नाही. एखाद्या पाखरानं आणलं असेल, मालगाडीच्या डब्यातून सांडलं असेल. पुढे एका जाणत्या माणसानं सांगितलं की आपल्याकडे पश्चिमेच्या बरडावर ते असतं, तिकडे त्याला नेपती म्हणतात. देवराव म्हणाला, तो नोकरीला लागला तेव्हाही ते एवढंच होतं. म्हणजे मी वाळवंटातून पार्सलं मागवत होते, रोपं मारत होते, खोटं बोलत होते, तेव्हा ते इथं, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, निवांत फुलत होतं. आणि भर वैशाखात भरावाकडे जाणारं आमच्यात कोणी नव्हतं.

मग मला चुन्याची रेघ दिसली. झुडपाच्या पलीकडून गेलेली. देवराव म्हणाला, नव्या रुळांसाठी भराव रुंद करणार आहेत, येत्या चारसहा दिवसांत मशीन येईल. उपटून नेता येईल का? नाही. याचं मूळ माणूसभर खाली गेलेलं असतं, ते तुटलं की संपलं. मी चार काड्या कापून ओल्या फडक्यात घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी माजींच्या घरी गेले.

मदनशेठनं ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हटलं. माणूस वाईट नाही. दोनच दिवसांपूर्वी गावात एकाला ऊन लागून दवाखान्यात भरती करावं लागलं होतं. तो म्हणाला, "मावशी, माय पंच्याऐंशीची हाय. तुमच्या झाडापायी म्या तिले उनात नेऊ काय?" मग म्हणाला, फार तर सकाळी सहाला नेतो. आतून माजींचा आवाज आला की सकाळच्या उजेडात आपल्याला सगळं राखेसारखं दिसतं, लाल दिसतं ते फक्त दुपारी. आणि त्या बाहेर येऊन बसल्या, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे माझ्याकडे बघत.

आता बोलणं भाग होतं. मी म्हटलं, माजी, तुमचं रोप मेलं. मीच मारलं, पाणी घालून. वर्षभर मी तुमच्याशी खोटं बोलले. बोलताना मला रडू फुटलं. साठी उलटलेली बाई मी, लोकांच्या दिवाणखान्यात पदर तोंडाला लावून रडत होते.

"मालूम होतं मले," माजी म्हणाल्या.

मी तोंडावरचा पदर काढला.

"तू दर डावी झटकन सांगे. जितं झाड असलं का माणूस जरा आठवून सांगते." मग त्या मुलाला म्हणाल्या, "अन् मदन, कैर बी पेरल्यावर मस्त सात-आठ वर्षांनं फुलते. हे बी मालूम होतं मले. कोणीतरी माह्यासाठी लावून राह्यलं, एवढंच म्या धरून होती. आता हे आयतं फुललेलं हाय तं तू मले आडवू नको."

मदनशेठ उठून गाडीची किल्ली शोधायला लागला.

पुढचं एक आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मधे यायचं नाही. ते झुडूप आता नाही. पाचव्या दिवशी मशीन आलं, तिथं आज सपाट भराव आहे. माझ्या चार काड्यांपैकी तीन गेल्या, एक जगली आहे. ती निव्वळ मुरमात, मोकळ्या कोपऱ्यात आहे आणि तिच्या आसपास सगळ्यांना झारी न्यायची मनाई आहे, मला तर आधी. सून म्हणते, आई, जरा तरी शिंपडा. मी तिचं ऐकत नाही. माजींना आता काही दिसत नाही. पंधरा दिवसांतून एकदा येतात, बोटानं त्या काडीवरचे काटे मोजतात आणि एखादा वाढला असला तर मला सांगतात.

तर ती दुपार. दीड वाजला असेल. मदनशेठनं गाडी फाटकापर्यंत आणली. माजींच्या डोक्याला ओला दुपट्टा, ऊन बाधू नये म्हणून कमरेला खोचलेला कांदा, पायात नातवाचे बूट. देवराव छत्री धरून एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. दोनशे पावलं आम्हाला फार वेळ लागली. रूळ उन्हात वितळल्यासारखे दिसत होते आणि लांबवर पाणी साचल्याचा भास होत होता, आपण पुढे जावं तसं तेही पुढे जाणारं. माजींचा हात माझ्या हातात होता, कोरडा आणि हलका. मला तर क्षणभर वाटलं, मी बाजेवरच पडले आहे आणि हे सगळं डुलकीतलं आहे.

झुडपासमोर त्यांना उभं केलं. त्यांनी सरळ पाहिलं. मी म्हटलं, माजी, समोरच आहे, हातभरावर. त्या म्हणाल्या, समोर काही नाही, नुसता धूर आहे. एवढ्या उन्हात आणलं, आणि तेवढी नजरही गेली की काय?

मग त्यांनी माझा हात सोडला. काठी टेकत त्या हळूहळू वळल्या, झुडपाकडे पाठ होईपर्यंत. तोंड रुळांकडे, आम्ही आलो होतो त्या वाटेकडे. निघून चाललेलं माणूस उभं राहील तशा त्या उभ्या राहिल्या. आणि मग त्यांनी मान जराशी मागे वळवली, खांद्यापर्यंत, आणि डोळ्याच्या कडेतून पाहिलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "हाय ना. लाल हाय."

किती वेळ तशा उभ्या होत्या कोण जाणे. मदनशेठनं दोनदा घड्याळ पाहिलं. देवरावनं छत्री त्यांच्या डोक्यावर धरली होती, त्याचा स्वतःचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. मधेच माजी खेकसल्या की फळंही धरली असतील, कोणी तोडत का नाही, लोणचं कोण घालणार. माझे डोळे भरून आले होते आणि माझं लक्ष झुडपाच्या बुडाकडे गेलं. माती भेगाळलेली, वर गिट्टी तापलेली, चार दिवसांत मशीन येणार. माझ्या पिशवीत गार पाण्याची बाटली होती. चाळीस वर्षांचा हात आहे, तो कोणाला विचारत नाही. मी खाली वाकले आणि बाटलीचं झाकण फिरवलं.

माजींना तो आवाज ऐकू आला.

"कोणाले देतं? त्याले?" मान तशीच वळवलेली ठेवून त्यांनी हात पुढे केला. "त्याले नाई लागत. इकडं दे. पाण्यासाठी तं म्या आलती."

मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वर धरली आणि उभ्याउभ्याच प्यायल्या, घोट घोट, शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळत होतं, पण त्यांनी मान सरळ केली नाही.

(अजून कोणी मला विचारतं, पाणी किती द्याचं. मी आता व्याख्यान देत नाही. जरा आठवून सांगते.)